गफ्फार नालबंदाचा घोडा

पांढरकवड्याच्या बैलबाजाराच्या कडेला एका लिंबाखाली गफ्फार नालबंद बसायचा. दुकान असं नव्हतंच. पत्र्याची पेटी, दोर, हातोडी, खूर तासायची धारदार रांपी आणि बसायला पोतं. बैलाला दोरानं पाडायचं, चारी पाय एकत्र बांधायचे आणि खुरांना पत्र्या ठोकायच्या, हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. घोडे तालुक्यात फारसे उरले नव्हते. आठवड्यातले तीन दिवस तो सायकलच्या मागे पेटी बांधून केळापूरच्या बाजूच्या तांड्यांवर जाई.

धावजी नायकाच्या तांड्यापलीकडे, खुनी नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठावर, मोठं मुरमाड बरड होतं. तिथं काळ्या दगडांची वर्तुळं होती. काही बैलगाडीएवढी लहान, काही दहा गाड्या मावतील एवढी मोठी. तांड्यातले लोक त्यांना वाडगे म्हणत. पूर्वीच्या लोकांनी ढोरं कोंडायला केलेले वाडगे.

जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या छप्पन साली गफ्फारनं ही वर्तुळं एका वहीत उतरवायला सुरुवात केली. बैल येईपर्यंत वेळ असे, म्हणून पावलं मोजायची. वर्तुळ किती पावलं, सर्वांत मोठा दगड कोणत्या दिशेला, पाणी किती दूर. उर्दूत लिहायचा. सहा वर्षांत एक्केचाळीस वर्तुळं झाली. बाजारातले लोक हसत. बायको खातूनबी हसत नसे, पण तिनं ती वही घरात कुराणाच्या फळीवर ठेवू दिली नाही. चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवायला लावली.

"हे वाडगे नाईत नायक," तो एकदा धावजीला म्हणाला. "या कबरी हायेत."

"आमचा आजा मिठाची लदेनी घेऊन याच वाटेनं जाये," धावजी म्हणाला. "दोनशे बैल राहत त्याच्याजवळ. तो वाडगेच म्हणे."

"मंग त्यानं आपले बैल त्याच्यात काहून नाई बसवले?"

"बैल तेथं बसत नसत," धावजी म्हणाला.

बासष्टच्या भादव्यात नाल्याला मोठा पूर आला आणि सतराव्या वर्तुळाची एक बाजू कापून गेला. आठ दिवसांनी गफ्फार तिकडे गेला तेव्हा कापलेल्या मुरमातून एक जबडा बाहेर आला होता. लांब, दातांसकट. दातांच्या मधल्या मोकळ्या जागेत गंजून फुगलेलं लोखंड अडकलेलं. गफ्फारनं आयुष्यात शेकडो घोड्यांची तोंडं उघडली होती. त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही. लगामाची कडी होती ती.

त्यानं हात लावला नाही. वर दगड रचले, बोरीच्या काट्या टाकल्या आणि तांड्यातल्या शाळेच्या फुलचंद गुरुजींकडून नागपूरला प्राचीन इतिहासाच्या प्राध्यापकांच्या नावानं पत्र लिहवून घेतलं.

डॉ. उमाळकर जानेवारीत आले. सोबत सहा विद्यार्थी आणि चार तंबू. पन्नाशीचा, सडपातळ, खालच्या आवाजात बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी गफ्फारची वही हातात घेतली, पण त्यांना उर्दू येत नव्हतं. मग गफ्फारनं वाचायचं आणि त्यांनी टेपनं मोजायचं, असं तीन वर्तुळांचं झालं. प्रत्येक वेळी माप वीतभराच्या फरकानं जुळलं.

"फार चांगलं काम आहे, गफ्फारमियाँ," उमाळकर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

गफ्फारला बोलायची हिंमत आली. हे लोक घोड्यांवरून आले असतील, पाण्याच्या वाटेवरच त्यांनी आपली माणसं पुरली, असं तो सांगू लागला. उमाळकरांनी हात वर केला.

"ते आम्ही बघू. तुम्ही मापं सांगा. अंदाज सांगू नका."

नवव्या दिवशी घोडा पुरता उघडा झाला. त्याच्या पलीकडे दोन हातांवर एका माणसाची हाडं होती. लोखंडी कुऱ्हाड, दोन मडकी. घोड्याच्या कपाळावर तांब्याचा पातळ पत्रा होता, त्याचा हिरवा रंग कवटीला लागला होता. विद्यार्थी भोवती बसून कुंचल्यांनी माती झाडत होते. उमाळकर उभे राहून सांगत होते आणि एक मुलगा लिहून घेत होता. टोळीचा प्रमुख. त्याच्या परलोकाच्या प्रवासासाठी बळी दिलेला त्याचा उमदा घोडा.

"साहेब," गफ्फार म्हणाला, "हा उमदा नाई."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"मी खाली येऊ काय?"

उमाळकरांनी हातानंच या म्हणून खुणावलं. गफ्फार चपला काढून खड्ड्यात उतरला. जबड्याजवळ उकिडवा बसला आणि बोट न लावता दाखवू लागला. "समोरचे दात पाहा. तिकोनी झाले, समोर वाकले. वीस वर्सांच्या वरचं जनावर हाये हे. आन् दाढा पाहा, घासून पार चपट्या झाल्या. याले कडबा चावता येत नव्हता. आता हा पाय." तो पुढच्या डाव्या पायाकडे सरकला. खुराच्या वरच्या सांध्यावर हाडाची मोठी गाठ होती, भिजलेल्या चुन्यासारखी खडबडीत. "हे एका दिवसात होत नाई. चारपाच वर्सं तरी लंगडत असन. असं जनावर मोकळं सोडलं तर सहा महिन्यात मरते. याले कोनं तरी रोज दाना भिजवून चारला साहेब. हातानं."

एका विद्यार्थ्यानं लिहिणं थांबवलं होतं. उमाळकरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मंग प्रमुखासाठी कोनी लंगडा म्हातारा घोडा कापन काय? हा बळी नाई. हा आपल्या मौतीनं मेला, आन् मालकाजवळ पुरला."

उमाळकर खाली उतरले. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि गफ्फारच्या हातात दिलं. "वयाचं तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. आता हे बघा." त्यांनी कुंचल्याच्या टोकानं मानेचा एक मणका दाखवला. त्याच्या खालच्या बाजूला सरळ, बारीक खाच होती. "हा पात्याचा घाव आहे. गळ्यातून थेट हाडापर्यंत. हा घोडा आपल्या मौतीनं मेला नाही, गफ्फारमियाँ."

गफ्फारनं भिंग डोळ्याला लावलं. मग बाकीचे मणके पाहिले, एकेक करून.

"एकच घाव हाये," तो म्हणाला.

"हो. एकच."

गफ्फार उठला. भिंग परत दिलं, चपला घातल्या, सायकल घेतली आणि गेला. पेटी तिथंच राहिली. धावजीनं ती दुसऱ्या दिवशी बाजारात आणून दिली आणि विचारलं, साहेब काही वाईट बोलले काय. गफ्फार नाही म्हणाला. खातूनबीनं पाहिलं की तो त्या दिवशी जेवताना उजव्या हाताकडे पाहत होता.

खोदकाम फेब्रुवारीत संपलं. माणसाची हाडं कापसात गुंडाळून एका पेटीत गेली. घोड्याची कवटी, कडी आणि तांब्याचा पत्रा दुसऱ्या पेटीत. मानेचे मणके, तो गाठीचा सांधाही गेला. बाकीची घोड्याची हाडं ठिसूळ होती, त्यांची मोजमापं घेऊन ती खड्ड्यातच ठेवली आणि वर माती लोटली. ट्रक नागपूरला गेला.

चैत्रात रुपीबाईनं ते ऐकलं.

रुपीबाई ही धावजीची आई. तांड्यात सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत, गफ्फारही. ती बाराच्या उन्हात नाल्यातल्या विहिरीवरून येत होती. बरडावर कोणी नव्हतं. गुरं झाडांखाली गेली होती. मागून घोडा येतोय असं तिला वाटलं म्हणून ती वाट सोडून बाजूला उभी राहिली. तिच्या पुढून टापा गेल्या. धूळ उठली नाही. मग टापा फिरून परत आल्या, आणि पुन्हा गेल्या.

तिनं कोणाला सांगितलं नाही. पण आठवड्याभरात दोन बायकांनी तेच सांगितलं, आणि नांगराचे बैल बरडाच्या वाटेवर पाय रोवून उभे राहू लागले. धावजीनं गफ्फारला निरोप पाठवला.

"तुले बोलावलं कारन तूच पत्र लिवलं होतं," रुपीबाई त्याला म्हणाली. रागानं नाही. नुसतं सांगितलं.

"काय ऐकलं याडी?"

तिनं पितळेच्या घागरीवर बोटांनी वाजवून दाखवलं. तीन टापा सारख्या. एक उशिरा आणि हलकी, जशी टेकवू की नको करत टेकवलेली.

गफ्फारनं तिला पुन्हा वाजवायला सांगितलं. पंधरा वर्षं तो एक लंगडी चाल ऐकत होता. बाजारात, रस्त्यानं, कधी नमाजाला उभा असताना. ती त्याच्या घरची गोष्ट होती, खातूनबीशिवाय कोणाला ठाऊक नव्हती, आणि ती आपल्या डोक्यातच आहे हे त्यानं केव्हाच मान्य केलं होतं. पण लंगडणं ओळखणं हा त्याचा धंदा होता. त्याला ऐकू येई ते जनावर मागच्या उजव्या पायानं लंगडं होतं. रुपीबाईनं वाजवलं ते पुढच्या डाव्या पायाचं होतं.

त्या दुपारी तो बरडावर एकटा जाऊन बसला. सतराव्या वर्तुळाच्या आत नाही, बाहेर. ऊन डोक्यावर होतं. दगडांना हात लावला तर पोळत होता. मोहाच्या झाडावर कोणीतरी कुऱ्हाड चालवत असावं असं आधी त्याला वाटलं. मग त्यानं मोजलं. तीन, आणि एक. तीन, आणि एक. वर्तुळाच्या बाहेरून, दगडांना धरून, जसं दाव्याला बांधलेलं जनावर फिरतं तसं ते फिरत होतं. त्याच्यापाशी आलं की थांबे. गफ्फारला श्वास ऐकू आला नाही, वास आला नाही. फक्त ते थांबणं कळत होतं. मग ते पुन्हा चालू लागे.

त्यानं डोळे मिटले नाहीत. पाहण्यासारखं काही नव्हतं. नुसती पांढरी पडलेली दुपार.

दुसऱ्या दिवशी धावजी आणि त्यानं माती बाजूला करून खड्ड्यातली हाडं नीट रचली. पोत्यात भरून टाकल्यासारखी ती पडली होती. रुपीबाईनं मूठभर ज्वारी भिजवून आणली होती, ती तिथं ठेवली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माती ओढली, वर गोटे रचले. आठ दिवस काही ऐकू आलं नाही. नवव्या दिवशी पुन्हा आलं.

"डोकं नाई ना त्याले," रुपीबाई म्हणाली. "आन् मानूसबी नाई. कोठं जाईन तो?"

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये फुलचंद गुरुजींच्या नावानं नागपूरहून एक छापील पुस्तिका आली. इंग्रजी होती. गुरुजींनी अडखळत वाचून दाखवली. टोळीप्रमुखाच्या दफनाच्या वेळी घोड्याचा विधिपूर्वक बळी देण्यात आला, असं तिच्यात होतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. घोड्याचं वय वीस वर्षांपेक्षा जास्त असावं, असं स्थानिक नालबंद गफ्फार यांचं मत आहे. लंगडेपणाबद्दल काही नव्हतं. भिजवलेल्या दाण्याबद्दल तर नव्हतंच.

"तुमचं नाव छापलं चाचा," गुरुजी म्हणाले.

गफ्फारनं ती ओळ बोटानं दाखवायला सांगितली, पाहिली आणि पुस्तिका परत दिली. शुक्रवारची नमाज झाल्यावर तो नागपूरच्या एसटीत बसला.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात उमाळकरांनी त्याला पाहताच ओळखलं. चहा मागवला. त्यांना वाटलं पुस्तिकेवरून भांडायला आला आहे, म्हणून त्यांनी आधीच समजावायला सुरुवात केली. सांध्याच्या गाठीचे फोटो जनावरांच्या डॉक्टरकडे पाठवले आहेत, उत्तर आलं की लिहू. पण कोणी दाणा भिजवला, हे हाडावर लिहिलेलं नसतं.

"मी त्याच्यासाठी नाई आलो साहेब. घोड्याचं डोकं कोठं हाये?"

डोकं खालच्या दालनात काचेच्या कपाटात होतं. तांब्याचा पत्रा उजळून शेजारी ठेवलेला. माणसाची हाडं वरच्या मजल्यावर, कोठीच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत.

"दोघायले एका जागी ठेवा. एवढंच मांगतो."

"का?"

गफ्फारनं बरडावरचं सगळं सांगितलं. घागरीवर वाजवलेलं, बैलांचं, दुपारी बसला होता ते. उमाळकर हसले नाहीत. त्यांनी भलतंच विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही 'एकच घाव' म्हणालात आणि निघून गेलात. मी त्यावर पुष्कळ विचार केला. काय दिसलं होतं तुम्हाला?"

चहा गार झाला होता. गफ्फारनं कपाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"माझ्याजवळ घोडी होती. रेशमा. वडिलांनी देली होती मले. अठ्ठेचाळीसच्या पोळ्याच्या टायमाले वणीच्या रस्त्यावर पुलाच्या भेगेत तिचा मागचा पाय अडकून मोडला. जवळ कोनी नव्हतं. ती तीन पायांवर उभी होती, आन् मोडका पाय टेकवून पाहत होती. पुन्हा पुन्हा. जवळ रांपी होती." त्यानं कप बाजूला सरकवला. "जनावर कापाले चार मानसं लागतात साहेब. ते झटके मारते. पाते सरकते, दोनतीन घाव होतात. कसाबाच्या हातूनबी होतात. एकच घाव कवा होते, जवा जनावर मान हालवत नाई. आन् घोडं मान कवा हालवत नाई? ज्याच्या हातची रोज चंदी खाते, त्याचा हात कानाखाली असला तर. तिले वाटलं मी लगाम काढून राह्यलो."

त्यानं उजवा हात टेबलाखाली घेतला.

"तुमी म्हनता ते खरं हाये. त्याले कापलंच. मी म्हनत होतो तेबी खरं हाये. जो चाकर दाना भिजवत होता, त्यानंच कापलं. मालक मेला. मंग बाकीचे म्हनले असतीन, घोड्याले त्याच्यासंगं पाठवा लागते. त्या चाकरानं दुसऱ्याले हात लावू देला नाई."

उमाळकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मला कुठंच लिहिता येणार नाही," ते म्हणाले.

"मी कोठं म्हनलं लिवा म्हनून."

ते उठले. खिशातून किल्ल्या काढल्या. खालच्या दालनात त्या वेळी फक्त पहारेकरी होता. त्यांनी कपाट उघडलं, कवटी दोन्ही हातांनी उचलली आणि पुढं चालू लागले. जिन्यावर त्यांना दम लागला तेव्हा गफ्फारनं हात पुढे केले, पण त्यांनी ती दिली नाही. कोठीच्या खोलीत पत्र्याच्या पेटीशेजारी त्यांनी जागा केली. मणके आणि तो सांधा दुसऱ्या फळीवरून आणले. जाताना दालनाच्या कपाटात त्यांनी एक चिठ्ठी लावली. वस्तू तपासणीसाठी हलवली आहे.

गफ्फार परत आला त्याच्या चौथ्या दिवशी तांड्यावर गेला. बैल बरडाच्या वाटेनं चालत होते.

"रविवारी गेला," रुपीबाई म्हणाली. "नागपूरच्या सडकेकडे. मी आंगनातच होते. जाताना ऐकला, येताना नाई."

पासष्टच्या डिसेंबरात उमाळकर पुन्हा आले. या वेळी तंबू नव्हते, विद्यार्थी नव्हते. धावजीच्या ओसरीवर ते तीन दिवस राहिले. नागपूर-हैदराबाद रस्त्याच्या रुंदीकरणासाठी गिट्टी फोडणारे बरडाच्या टोकापर्यंत आले होते, दोन वर्तुळं गेली होती. उरलेल्यांची नोंद सरकारी कागदावर झाली तर वाचतील, असं ते म्हणाले. गफ्फारनं वही वाचली आणि त्यांनी मराठीत लिहून घेतली. अंदाज सांगू नका, असं ते या वेळी म्हणाले नाहीत. उलट एकदोनदा त्यांनीच विचारलं.

"खोदसान काय?" गफ्फारनं विचारलं.

"मी नाही. माझ्यानंतर येणाऱ्यांचं सांगता येत नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं अठ्ठाविसाव्या वर्तुळापाशी आले. ते अगदी लहान होतं. दगड बोटावर मोजण्याइतके, तेही हलके, एका माणसाला एकट्यानं उचलता येतील असे. बाकीच्यांपासून ते दूर होतं, पण उभं राहिलं की सतरावं तिथून सरळ दिसे. गफ्फारनं वहीत तेवढंच लिहिलं होतं.

उमाळकर त्या वर्तुळाकडे पाहत उभे राहिले. हातात टेप होती, पण ती त्यांनी उलगडली नाही.

"तो इथं असेल असं तुम्हाला वाटतं?" त्यांनी विचारलं. तो म्हणजे दाणा भिजवणारा, हे सांगावं लागलं नाही.

"मले मालूम नाई साहेब."

"समजा उघडलं, तर ओळखायचं कशावरून? आपल्याजवळ त्याचं काहीच नाही. हाड नाही, हत्यार नाही. फक्त एक घाव."

गफ्फार वर्तुळाच्या कडेला उकिडवा बसला होता आणि त्याचा उजवा हात एका दगडावर होता. ऊन होतं, डिसेंबरचं, कोवळं. तरी तो दगड थंड होता. आणि त्या दगडांच्या आत, जमिनीखाली, कोणीतरी अगदी स्थिर उभं आहे, मान न हलवता, हे त्याला इतकं स्पष्ट जाणवलं की त्यानं हात काढायला बराच वेळ घेतला.

"चाला," तो शेवटी म्हणाला. "एकोनतिसावा तिकडं हाये, पळसाच्या पल्याड."

उमाळकरांनी कागदावर अठ्ठाविसाव्या आकड्यापुढे मापाची जागा मोकळी सोडली, आणि ते त्याच्या मागून चालू लागले.